चोवीस अंश आधी

उघड्या बॉनेटच्या कडीला आर्वोनं
डिझेलची बाटली उलटी टांगली,
तिला पारदर्शक नळी जोडली, आणि म्हणाला,
"हे तुझं खातं, कूमू."
कुमुद त्याला वीस वर्षांत जमलेलं नाही.

छातीवर घड्याळ उलटं लावून मी थेंब मोजलेत,
मिरजेला शिकताना काचेच्या बाटल्यांतले,
मग इथं डुलुथला, सरोवराकडच्या वॉर्डात,
यंत्रं मोजायला लागली तरी
सवयीचा एक डोळा नळीवर ठेवून.
पण पेशंट कधी ब्याऐंशी सालची मर्सिडीज नव्हती.

लक्षणं म्हणाल तर,
थंडीत उठायचं नाव नाही.
उठली की पांढरा धूर, इतका
की समोरची मिसेस ब्रॅन्सन खिडकी लावून घेते.
टेकडीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, धापा टाकत,
मागे शाळेची पिवळी बस,
हॉर्न न वाजवता लाज आणणारी.

आर्वोचं निदान: पंप मागे पडलाय.
आतली साखळी चाळीस वर्षांत ताणली,
एकेक कडी केसाएवढी,
सगळ्या मिळून उशीर.
खनिजाच्या धक्क्यावर जन्मभर त्यानं इंजिनं ऐकली.
कान शाबूत आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू.
"ऑपरेशन कधी?"
"गाडी झाली की."

पहिल्या सिलिंडरची नळी सोडली,
व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग बशीत ठेवली,
हंसाच्या मानेसारखा वाकडा पाइप बसवला.
त्याच्या तोंडाखाली मी धरली
लिंबाच्या लोणच्याची बरणी,
दहादा घासूनही वास न सोडणारी.

तो पान्यानं इंजिन फिरवू लागला,
फिरतं त्याच दिशेनं.
मागे घेतलं की मोजणं खोटं.
धार.
धार.
धार बारीक.
तुटली.
"हळू," मी म्हणाले.
थेंब.
थेंब.
एक हजार एक.
थेंब.
"थांब."

टॉर्च घेऊन वाकले, पुलीवरचे आकडे वाचले.
एकवीस. हवेत चोवीस.
पिस्टन माथ्यावर पोचायच्या चोवीस अंश आधी
डिझेल सुटायला लागलं पाहिजे, तो समजावत होता,
माथ्यावर पोचल्यावर देऊन उपयोग नाही.
मला कशाला सांगतोस?
कळ उठल्यावर दिलेलं औषध
कळीच्या मागे धावत राहतं.
ती अजून पायऱ्या चढत असते,
चेहऱ्यावर काहीच नसतं,
फक्त चादरीवरचं बोट आखडतं, तेव्हा द्यायचं.
वेळेवर म्हणजे वेळेच्या जरा अलीकडे.

हेल्मीला मी तसंच देत होते,
तीन आठवडे, खोली चारशे बारा.
आर्वो कोपऱ्यात, मांडीवर टोपी,
माझ्या ओठांकडे बघत बसायचा.
मोजताना ते हलतात म्हणे.
हे त्यानं मला आज सांगितलं,
पंपाचे नट सैल करताना, मान वर न करता.
गाडी हेल्मीची.
मी टॉर्च सरळ धरला.

पंप त्यानं इंजिनकडे ढकलला, तीळभर.
परत धार, परत थेंब, परत थांब.
तेवीस.
"चालेल की," मी म्हणाले.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहायची
"साधारण वीस थेंब असतील, सिस्टर"
म्हणणाऱ्या नव्या मुलींकडे.
आणखी अर्धा तीळ.
बंदरात एका बोटीनं लांब भोंगा दिला,
माझा आकडा चुकला, पुन्हा पहिल्यापासून.
चोवीस.

किल्ली मी फिरवली,
ग्लो-प्लगचा दिवा विझेस्तोवर थांबून.
लागली. अंग झटकून, खडखडत, पण लागली.
आर्वो डोळे मिटून ऐकत उभा,
हात बॉनेटच्या पत्र्यावर, नाडी पाहावी तसा.
धूर आला थोडा, गेला.
मिसेस ब्रॅन्सनची खिडकी उघडीच.

"झाली गाडी," मी म्हणाले. "आता डोळे."
तो वाकून बशीत काहीतरी शोधू लागला.
बशी रिकामी होती.